न गाणारा कवि आणि त्याची नाममुद्रा

१. जुन्या बाडांची यादी करणाऱ्यापुढें एक अडचण वारंवार उभी राहते. पदाच्या शेवटच्या कडव्यांत एक नांव असतें. त्यावरून आपण तें पद त्या नांवाच्या खातीं मांडतों आणि पुढील पदाकडे वळतों. परंतु तें नांव रचणाऱ्याचें कीं गाणाऱ्याचें, गुरूचें कीं दैवताचें, एका माणसाचें कीं सबंध फडाचें, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. जो कवि स्वतः सभेंत उभा राहून गात असे, त्याच्या बाबतींत त्यावांचून फारसें अडतही नाहीं. ज्यानें रचिलें पण गायिलें नाहीं, त्याची मात्र सारी भिस्त त्या एका ओळीवर असते. त्याचें पद लोकांपर्यंत गेलें तें दुसऱ्याच्या गळ्यांतून. आणि गळा ज्याचा टाळी त्याची, असा जगाचा रिवाज आहे. अशा स्थितींत रचणाऱ्याचें नांव पदाबरोबर कसें टिकलें, आणि जेथें टिकलें नाहीं तेथें कां टिकलें नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभ आम्हीं बीड जिल्ह्यापासून केला आहे. अंबेजोगाईचे दासोपंत, कपिलधारचे मन्मथस्वामी, बीडकर विठ्ठल कवि आणि माजलगांवच्या ओव्या म्हणणाऱ्या स्त्रिया, ह्या चार उदाहरणांत पद पसरण्याच्या निरनिराळ्या रीति स्पष्ट दिसतात. मधले दुवे, म्हणजे शाहिरांचा फड, संगीत रंगभूमि आणि ध्वनिमुद्रिका, हे पुण्यामुंबईकडचे आहेत. त्यांचा विचार ओघानें येईल. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नाममुद्रेकडे कवीची सही म्हणून पाहण्यापेक्षां रचणारा आणि गाणारा ह्यांच्यांतील कराराचा शेवटचा रकाना म्हणून पाहिलें, तर पुष्कळ घोटाळे उलगडतात.

२. न गाणाऱ्या कवीची पहिली सोय छंदानें केली. जुन्या मराठी कवितेंत छंद आणि चाल हीं एकमेकांपासून तुटलेलीं नव्हतीं. ओवी म्हटली कीं ती म्हणण्याची रीत आली. अभंग, आर्या, साकी, दिंडी, कटाव ह्यांपैकीं कोणताही प्रकार कवीनें निवडला कीं गाणाऱ्यास अर्धें काम सांगून झालें. कवीनें बारामतीस बसून आर्या लिहावी आणि शंभर कोसांवरील हरिदासानें कवीला कधींही न पाहतां ती योग्य ढंगानें म्हणावी, हें त्यामुळें साधलें. मोरोपंत (१७२९–१७९४) हे पुराण सांगणारे. त्यांच्या आर्या गांवोगांव पसरल्या त्या मुख्यतः कीर्तनकारांच्या मुखानें.

जेथें छंद पुरेसा नसे, तेथें पदाच्या माथ्यावर रागाचें नांव लिहीत, किंवा ‘चाल’ असा शब्द घालून सर्वांस ठाऊक असलेल्या एखाद्या पदाचे आरंभींचे शब्द देत. ही ओळ पुष्कळ यादीकार निरुपयोगी समजून गाळतात. वास्तविक तिच्यांत दोन गोष्टींचा पुरावा असतो. पहिली ही कीं, तें पद गाण्यासाठीं दुसऱ्याच्या हातीं जावयाचें होतें; स्वतः गाणाऱ्यास स्वतःसाठीं चाल लिहून ठेवण्याचें कारण क्वचितच पडतें. दुसरी ही कीं, ज्या पदाची चाल घेतली, तें त्या काळीं त्या भागांत इतकें रूढ होतें कीं त्याचे दोन शब्द पुरत असत. कालनिर्णयाच्या कामीं ही नोंद मोलाची आहे. मात्र ती मूळ लेखकाच्या हातची कीं नक्कल करणाऱ्यानें मागाहून घातलेली, हें अक्षर व शाई पाहून आधीं ठरवावें. तसें न केल्यास जुनें पद नवें ठरण्याचा धोका आहे.

३. अंबेजोगाई हें मराठी कवितेचें फार जुनें ठाणें. जुन्या लेखनांत तें ‘जोगाईचें आंबें’ म्हणून येतें आणि निजामी अमदानींतल्या कागदांत मोमिनाबाद म्हणून. संग्राहकांनीं हीं नांवें एकाच गांवाचीं म्हणून लक्षांत ठेवावीं. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधि येथें आहे. दासोपंत (शके १४७३–१५३७) ह्यांचें वास्तव्य आणि समाधि येथलीच. त्यांच्या लेखनाविषयीं परंपरा ‘सव्वा लाख’ हा आंकडा सांगते: गीतेवरील ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, आणि पदेंही सव्वा लाख. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. सव्वा लाख हा आपल्याकडे मोजदादीचा आंकडा नसून अमाप ह्या अर्थाचा शब्द आहे, हें ध्यानीं घेऊनही त्यांचें लेखन प्रचंड होतें ह्यांत संशय नाहीं.

ह्याच कवीचीं दोन कामें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. एक, ‘पासोडी’. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय आकृति व कोष्टकें काढून लिहिला. ही एकच प्रत. ती वस्तु म्हणून टिकली, कारण ती जपण्याजोगी व दाखविण्याजोगी होती. दुसरें काम पदांचें. पदांवर राग व ताल ह्यांचीं नांवें आढळतात, म्हणजे तीं गाण्यासाठींच होतीं. एवढीं पदें एका माणसाच्या कंठानें लोकांपर्यंत जाणें शक्य नाहीं. तीं शिष्यांच्या, वंशजांच्या आणि उत्सवास जमणाऱ्या मंडळींच्या तोंडीं बसलीं तेव्हांच टिकलीं. पासोडीला पेटी लागली. पदांना संस्थान लागलें. अंबेजोगाईस थोरलें देवघर आणि धाकटें देवघर अशीं दासोपंतांच्या परंपरेचीं दोन घरें आहेत. देवघर म्हणजे पोथ्यांचा संग्रह, नित्याची उपासना आणि ठरलेल्या तिथीस होणारा उत्सव. ज्या पदास वर्षांतून एक दिवस नेमलेला आहे तें मरत नाहीं. त्या दिवशीं कोणाला तरी तें पाठ असावेंच लागतें. न गाणाऱ्या कवीस, किंवा गाणारा कवि निवर्तल्यावर त्याच्या पदांस, ह्याहून भक्कम प्रकाशक त्या काळीं मिळण्यासारखा नव्हता.

आतां मुद्रेचा विचार करूं. दासोपंतांच्या पदांत ‘दिगंबर’ हें नांव येतें व गीतेवरील टीकेंत ‘दिगंबरानुचर’. त्यांच्या वडिलांचें नांव दिगंबरपंत. उपास्य दैवत दत्तात्रेय, आणि दत्ताचेंही एक नांव दिगंबर. पिता, दैवत आणि कवि हे तिघेही अशा रीतीनें एका शब्दांत सामावतात. ह्याचा व्यावहारिक परिणाम असा कीं, दत्तसंप्रदायाच्या बाडांत शेवटीं ‘दिगंबर’ दिसला कीं पद दासोपंतांच्या नांवीं लावण्याचा मोह होतो. तो शब्द देवाला मारलेली हांक आहे कीं ‘म्हणे’ ह्या क्रियापदाचा कर्ता आहे, हें वाक्यरचनेवरून पाहिल्यावांचून हा निर्णय करूं नये.

पदांत दोन नांवें जोडण्याची चाल त्या काळीं नवी नव्हती. दासोपंतांचे समकालीन एकनाथ (१५३३–१५९९) बीड जिल्ह्याच्या शेजारच्या पैठणचे. त्यांची मुद्रा ‘एका जनार्दनीं’. तींत शिष्य आणि गुरु हे दोघेही आहेत. एकनाथांनीं वासुदेव, जोशी, गोंधळी अशांच्या तोंडीं घालून जीं भारुडें रचिलीं, तीं दुसऱ्यानें सोंग घेऊन म्हणावयाचीं आहेत. सोंग बदलतें, म्हणणारा बदलतो, पण शेवटची ओळ आली कीं रचणारा आणि त्याचा गुरु पुन्हां पुढें येतात. ह्या जोडमुद्रेची आठवण ठेवावी. दोन शतकांनंतर तिचाच सांचा वेगळ्या कामासाठीं वापरलेला आपणांस दिसणार आहे.

४. बीड जिल्ह्यांतील दुसरें उदाहरण कपिलधारचें. मांजरसुंब्यानजीकच्या ह्या स्थानीं वीरशैव संतकवि मन्मथस्वामी ह्यांची समाधि आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ आणि त्यांचे अभंग ह्यांचा प्रसार मठ व दिंडी ह्यांच्या द्वारें झाला. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस दूरदूरच्या गांवांहून दिंड्या कपिलधारेस येतात आणि वाटेनें अभंग म्हणतात. देवघराप्रमाणेंच येथेंही नेमलेली तिथि आहे. फरक एवढाच कीं, देवघरांत पद एका ठिकाणीं राहतें आणि गाणारे तेथें येतात, तर दिंडींत पदच वाट चालतें. म्हणून देवघराच्या बाडांतील पाठ पुष्कळसा एकसारखा असण्याचा संभव अधिक, आणि दिंडींतील पदाचे गांवगणिक पाठभेद होण्याचा संभव अधिक. दिंडीच्या वह्या गोळा करतांना ती वही कोणत्या गांवच्या दिंडीची हें लिहून ठेवणें ह्यासाठींच अवश्य आहे.

तिसरें उदाहरण सतराव्या शतकांतील विठ्ठल कवीचें. ‘बीडकर’ म्हणून ओळखला जाणारा हा पंडित कवि. ‘रुक्मिणीस्वयंवर’, ‘बिल्हणचरित्र’, ‘रसमंजरी’ हीं त्याचीं काव्यें. अशा विदग्ध कवीला गांठ पडावी लागते ती हरिदासाची. हरिदास आख्यान लावतो तेव्हां वामनाचा श्लोक, मोरोपंताची आर्या, दुसऱ्या कोणाचें पद आणि तिसऱ्या कोणाचा कटाव अशी गुंफण करितो, आणि ती सर्व आपल्या बाडांत एका ओळीनें उतरून घेतो. बाड म्हणजे हरिदासाची शिदोरी. ज्यांत चव तें तो बांधून घेणार, आणि कोणाच्या घरचें हें विचारण्याचें त्यास कारण नाहीं. आख्यानाच्या ओघांत मुद्रेचें कडवें अडसर वाटलें तर तें गळतें. त्यामुळें एकाच बाडांतील एकाच आख्यानाचीं पदें एकाच कवीचीं समजणें धोक्याचें आहे. तेथें हरिदास हा रचणारा नसतो. तो जुळवणारा असतो, आणि त्याचें नांव बाडाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर मालक म्हणून येतें. मालकाची ही नोंद कवीची नोंद समजून केलेल्या चुका छापील याद्यांतही शिरलेल्या आहेत.

५. मुद्रा एवढी मोलाची असल्यामुळें तिच्यावर डोळा ठेवणारेही होतेच. तुकारामबोवांच्या हयातींतच सालोमालो नांवाचा कोणी त्यांच्या अभंगांतून ‘तुका’ काढून आपलें नांव घालीत असे, आणि त्याविषयीं स्वतः बोवांनीं अभंगांत संताप व्यक्त केला आहे. ह्यांत लक्षांत घेण्यासारखें असें कीं, सालोमालोनें सबंध अभंग बदलला नाहीं. त्याला एक शब्द बदलणें पुरलें. नामदेवांच्या गाथेंतील विष्णुदास नाम्याच्या रचनांचा गुंता ह्याहून निराळा: तेथें चोरी नाहीं, नामसाम्य आहे, परंतु परिणाम तोच, एकाचें काव्य दुसऱ्याच्या खातीं.

ह्याच्या उलट, मुद्रा विकण्याचा प्रसंग आला असतां कवीनें ती न विकल्याची कथा महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळां’त आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस कवि नरेंद्र ह्यानें ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचिलें. देवगिरीच्या रामदेवरायास तें इतकें आवडलें कीं, ग्रंथांत आपलें नांव घालावें आणि त्याबद्दल सोनें घ्यावें, असें त्यानें सुचविलें. कविकुळास कमीपणा येईल म्हणून नरेंद्रानें तें नाकारिलें, आणि रातोरात जेवढ्या उतरल्या तेवढ्या ओव्या घेऊन तो निघून गेला. ग्रंथ अपुरा राहण्याचें कारण हेंच, असें परंपरा सांगते. कथेचा तपशील कोणी कसाही घेवो, तिच्यांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते: काव्याच्या मुद्रेला पैशांत मोल आहे, आणि ती रचणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाऊं शकते, ही कल्पना त्या काळीं सर्वांस ठाऊक होती.

६. रचणारा आणि गाणारा ह्यांची उघड भागीदारी प्रथम स्वच्छ दिसते ती उत्तर पेशवाईंतील फडांत. ‘होनाजी बाळा’ हें नांव पुष्कळांस एका माणसाचें वाटतें. तीं माणसें दोन: पुण्याचा गवळी होनाजी शिलारखाने हा रचणारा, आणि बाळा करंजकर हा गाणारा. गुरु-शिष्यांच्या जोडमुद्रेचा सांचा येथें तसाच ठेवला, मात्र गुरूच्या जागीं गवई बसला. आमच्या मतें ही मराठी पदवाङ्मयाच्या इतिहासांतील मोठी घटना आहे. कवीला गळा नसला तरी चालेल, पण गळ्याच्या मालकाचें नांव आपल्या नांवाबरोबर पदांतच बांधावयाचें, म्हणजे दोघांपैकीं कोणीही दुसऱ्याला सोडून तें पद नेऊं शकत नाहीं, असा हा व्यवहार होता.

प्रभाकर जनार्दन दातार ह्या ब्राह्मण कवीनें गंगु हैबतीच्या फडासाठीं लावण्या व पोवाडे रचिले. त्याच्या रचनांच्या शेवटीं गंगु हैबती, महादेव आणि प्रभाकर हीं नांवें एकत्र येतात. ही यादी पाल्हाळ म्हणून वाचूं नये. तो फडाचा हजेरीपट आहे. त्यांत कोण आहे आणि कोण नाहीं ह्यावरून त्या रचनेच्या वेळीं फडांत कोण होतें हें ठरवितां येतें, आणि एकाच कवीच्या रचनांचा आगेमागे क्रम लावण्यास त्याचा उपयोग होतो. सोलापूरच्या राम जोश्याचें (१७६२–१८१३) उदाहरण दुसऱ्या तऱ्हेचें. प्रतिष्ठित वैदिक घराण्यांतील हा तरुण आरंभीं धोंडी शाहिराच्या फडासाठीं कवनें रची. वडील बंधु मुद्गल जोशी ह्यांच्या रोषामुळें घर सुटल्यावर तो स्वतःच फडावर उभा राहिला आणि पुढें कीर्तनाकडे वळला. ब्राह्मणानें डफ-तुणतुण्यापुढें उभें राहणें निंद्य, पण लिहून देणें झांकून जाण्याजोगें. ह्या सामाजिक कारणानेंही कांहीं कवि न गाणारे राहिले, हें विसरतां कामा नये.

७. छापखान्यानें नाममुद्रेची जागा हलविली. मुखपृष्ठावर नांव छापतां येऊं लागलें, तेव्हां शेवटच्या कडव्याची गरज सरली. हॅरी आर्बुथनॉट ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ सालीं निघाला. यशवंत नरसिंह केळकरांच्या ‘ऐतिहासिक पोवाडे’ ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९२८ सालीं. ह्या संपादकांनीं गोंधळी व शाहीर ह्यांच्या तोंडून पद उतरून घेतलें आणि मुद्रेवरून कर्त्याचें नांव वर लिहिलें. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता आणि हें मुद्रण पुण्यामुंबईचें. म्हणून ह्या भागाच्या बाडांकडे छापील पाठाच्या आधींचा साक्षीदार म्हणून पाहण्यास अवसर आहे.

रंगभूमीवर मुद्रा अजिबात नाहींशी झाली. नाटकांतील पद हें पात्राचें बोलणें. त्यांत कवीनें आपलें नांव कसें घालावें? राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले, आणि त्याच वर्षीं ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. त्यांतील पदें विठ्ठल सीताराम गुर्जर ह्यांनीं रचिलेलीं आहेत. नाटक गडकऱ्यांचें म्हणून ओळखलें जातें, पदें बालगंधर्वांचीं म्हणून. गुर्जरांचें नांव जाणकारांस ठाऊक. मुद्रा असती तर असें होतें ना.

८. ध्वनिमुद्रिका आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीनें पहिलें ध्वनिमुद्रण कलकत्त्यास १९०२ सालीं केलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गाणारा कोण हें कळावें म्हणून गाणें संपतांच गायक किंवा गायिका आपलें नांव मोठ्यानें उच्चारीत असे. गौहरजानच्या तबकड्यांत हा उच्चार स्पष्ट ऐकूं येतो. पदाच्या शेवटीं नांव घेण्याची जुनी रीत परत आली खरी, पण तिच्यांत आतां कवि नव्हता. गुरूच्या जागीं गवई आला होता तो फडांत. येथें गवई एकटाच उरला.

तथापि न गाणाऱ्या कवीला ह्या यंत्रानें हातही दिला. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे ना. घ. देशपांडे हे वकील. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी ह्यांनीं गायिली, आणि १९३२च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताचा इतिहास सांगतांना आरंभ बहुधा ह्या गीतापासून होतो. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र पुस्तकरूपानें १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे तालुक्याच्या गांवीं बसलेल्या, मैफलींत न उभ्या राहणाऱ्या कवीचे शब्द पुस्तकाच्या वीस वर्षें आधीं घरोघर पोहोंचले. ह्या यशाचें कारण उघड आहे: कवितेंतच चाल सुचविणारी लय होती, योग्य गवई भेटला, आणि कवीचें नांव लोकांस कळलें. तिन्हींपैकीं एक नसतें तर फळ निराळें झालें असतें.

९. नाममुद्रेचें काम पुढें कायद्याकडे आलें. १९५७ सालच्या कॉपीराइटच्या कायद्यानें गीताचे शब्द, त्याची चाल आणि ध्वनिमुद्रण ह्या तीन वेगळ्या वस्तु मानिल्या. फडांतील भागीदारीच येथें कलमांत उतरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कवीचा हक्क त्याच्या हयातीपर्यंत व त्यानंतर साठ वर्षें चालतो. हक्क दुसऱ्यास देणें तें सहीच्या लेखानेंच द्यावें लागतें. लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें आणि मुलूख लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गीतकार व संगीतकार ह्यांचा मोबदला गोळा करण्यासाठीं १९६९ सालीं ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ स्थापन झाली. परंतु १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, चित्रपटासाठीं मोबदला घेऊन रचिलेल्या गीताचा प्रथम स्वामी, उलट करार नसल्यास, निर्माता होय. नरेंद्रानें जें रामदेवरायास नाकारिलें, तें चित्रपटाच्या गीतकाराकडून करार न करतांच निघून जाऊं लागलें. २०१२ सालच्या दुरुस्तीनें हा तोल पुष्कळसा सांवरला: आतां कवीनें हक्क लिहून दिला तरी चित्रपटगृहांतील प्रदर्शनाबाहेर गीताचा जो वापर होईल, त्याच्या मानधनांतील त्याचा समान वांटा तो आपल्या वारसांखेरीज किंवा हक्कसंस्थेखेरीज कोणास देऊं शकत नाहीं, आणि दिला तरी तें देणें निरर्थक ठरतें. आज न गाणाऱ्या कवीनें आपलें गीत गवयाच्या किंवा कंपनीच्या हातीं देतांना शेवटचें कडवें लिहावयाचें तें ह्या करारांत.

१०. शेवटीं बीड जिल्ह्यांतील चौथें उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनीं जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यासाठीं १९९६ सालीं माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या म्हटल्या. जात्यावरच्या ओवीला मुद्रा नसते. भाऊ, आई, लेक ह्यांचीं नांवें येतात, रचणारीचें येत नाहीं. एकीनें जुळविलेली ओवी दुसरी आपली म्हणून म्हणते, आणि त्यांत कोणास चोरी वाटत नाहीं. ज्यांना कोणी हरिदास नव्हता, फड नव्हता, देवघर नव्हतें, त्यांच्या रचनेला प्रसाराचें एकच साधन होतें: शेजारीण, आणि सासरीं जाणारी लेक. अंबेजोगाईच्या देवघरांतील पदास एक नांव आहे आणि त्यावर आपण वाद घालूं शकतों. माजलगांवच्या ओवीचा वादच संपलेला आहे. म्हणून अशा ठिकाणीं ज्या स्त्रीनें ओवी म्हटली तिचें नांव, गांव व तारीख संग्राहकानेंच लिहिली पाहिजे. ह्या संग्रहांत तशी नोंद ठेविली गेली, हें त्याचें मोठें श्रेय आहे. मुद्रा नसलेल्या रचनेला संग्राहकाची टीप हीच मुद्रा होय.

ह्या सर्व विवेचनावरून बाडें व वह्या जमविणाऱ्या आमच्या बंधूंस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पदाच्या यादींत केवळ पहिला चरण न देतां मुद्रेचें कडवें जसेंच्या तसें द्यावें. त्यांतील सर्व नांवें द्यावींत, आणि प्रत्येक नांव कर्ता आहे, संबोधन आहे कीं गुरुस्मरण आहे, हें लिहावें. माथ्यावरील राग व ‘चाल’ गाळूं नये. बाडाच्या मालकाचें नांव वेगळ्या रकान्यांत ठेवावें; तें कवीच्या रकान्यांत जाऊं देऊं नये. मुद्रेची ओळ खोडलेली, वेगळ्या शाईची किंवा मात्रेंत अडखळणारी दिसली तर तेथें थांबावें. ‘तुका’च्या जागीं चार अक्षरांचें नांव बसविलें कीं छंद कुरकुरतो, आणि ती कुरकुर हाच पुरावा असतो. शेवटीं, तें पद आजही कोणी कोणत्या तिथीस म्हणत असल्यास त्याची नोंद प्रत्यक्ष ऐकून करावी. अंबेजोगाई, कपिलधार आणि माजलगांव ह्या तीन ठिकाणीं मिळून जेवढें पद्य कागदावर आहे, त्याहून कितीतरी अधिक तोंडीं राहिलेलें आहे, आणि तें म्हणणारीं माणसें दर वर्षीं थोडीं थोडीं कमी होत आहेत. पोथी वाट पाहूं शकते. गळा पाहूं शकत नाहीं. इत्यलम्.